पान्हा, पंप आणि प्रेझेंटेशन

बाळ झालं की दूध आपोआप येतं आणि बाळ ते आपोआप पितं, असं सगळेच सांगतात. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे म्हणजे नव्या आईचा प्रोबेशन पीरियडच! या काळात नेमकं काय बिनसतं, त्यावर करायचं काय आणि ऑफिस सुरू झाल्यावर पुढे काय? स्वतः या दिव्यातून नुकतंच पार पडलेल्या एका आईचा रिपोर्ट...

रात्रीचे पावणेतीन. सोसायटीचा वॉचमन शिट्टी वाजवत फेरी मारतोय. माझ्या मांडीवर चार दिवसांचं बाळ जिवाच्या आकांताने रडतंय आणि त्याच्या जोडीला मीही. नवरा हातात मोबाइल घेऊन काहीतरी सर्च करतोय. दारात आई. 'अगं, त्याचं पोट भरत नाहीये. थोडं वरचं दे.'

सकाळी सासूबाईंचा फोन. 'दूध आलं का गं?'

हा प्रश्न त्या आठवड्यात मला किती जणांनी विचारला असेल? आत्या, मामी, मालिशवाल्या मावशी, समोरच्या काकू... सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मिसेसही सुटल्या नाहीत. जणू काही माझं कुरियर यायचं होतं आणि ते कुठेतरी अडकलं होतं!

खरं सांगू? नऊ महिन्यांत मी पाळण्यांचे रिव्ह्यू वाचले, नावांची एक्सेल शीट केली, हॉस्पिटलची बॅग दोनदा भरली. पण अंगावर पाजण्याबद्दल एक ओळही वाचली नव्हती. त्यात काय वाचायचं? ते तर नॅचरल असतं! आता कळतंय, चालणंही नॅचरलच असतं. तरी ते आधी पडत-झडत शिकावं लागतं.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी बाळाला वजनकाट्यावर ठेवलं. जन्माच्या वेळी तीन किलो शंभर ग्रॅम. आता दोन किलो साडेसातशे. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात टक्क्यांपर्यंत, फार तर दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत ते भरून निघतं. आमचं अकरा टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. डॉक्टर ओरडले नाहीत. काढलेलं दूध आणि ते कमी पडलं तर थोडं फॉर्म्युला वाटी-चमच्याने द्यायला सांगितलं, दोन दिवसांनी पुन्हा वजनाला बोलावलं आणि एका लॅक्टेशन कन्सल्टंटकडे पाठवलं. म्हणजे स्तनपानाचं रीतसर ट्रेनिंग घेतलेल्या सल्लागार बाई. असं काही प्रोफेशन असतं, हेच मला माहीत नव्हतं!

त्या बाई वीस मिनिटं नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, 'दूध आहे. पण बाळ नुसतं टोक चोखतंय, दूध पीत नाहीये.'

बस्स, एवढंच! चार रात्रींच्या रडारडीचं उत्तर एका वाक्यात होतं.

हिशोब साधा आहे

दूध तयार होण्याचं गणित डिमांड आणि सप्लायचं आहे. बाळ जेवढं दूध काढून घेईल, तेवढं शरीर नव्याने तयार करतं. बाळ चोखायला लागलं की मेंदूतून प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन सुटतं, ते दूध बनवतं. ऑक्सिटोसिन ते दूध बाहेर ढकलतं. आजीच्या भाषेत यालाच 'पान्हा फुटणं' म्हणतात. वेदना, टेन्शन, भीती यांनी हा पान्हा काही काळ अडू शकतो. आणि प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं कंटाळवाणं वाटलं तरी फार कामाचं!

पहिले दोन-तीन दिवस येतो तो घट्ट, पिवळसर चीक. अगदी थोडा असतो, चमच्याने मोजावा इतका. पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. रोगप्रतिकारक घटकांनी भरलेला हा चीक म्हणजे बाळाची पहिली लसच समजा. तो 'खराब' म्हणून टाकून द्यायची पद्धत अजूनही काही घरांत आहे. प्लीज, असं करू नका. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात येतं. सिझेरियन झालं असेल तर एखादा दिवस उशीर होऊ शकतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी 'दूध आलं का?' असं विचारणाऱ्यांना बिनधास्त सांगा, 'प्रोसेसमध्ये आहे!'

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा : जन्मानंतर पहिल्या तासात छातीशी, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि नंतर वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा त्याहूनही पुढे. आपल्याकडचं चित्र मात्र वेगळं आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्या तासात पाजलेली बाळं जेमतेम ४१.८ टक्के होती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी फक्त आईच्या दुधावर होती ६३.७ टक्के. तेव्हा तुमचं कुठे अडत असेल तर तुम्ही एकट्या नाही.

प्रॉब्लेम नंबर एक : पकड

बहुतेक सगळ्या तक्रारींचं मूळ इथेच आहे. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र जात असेल तर दूध नीट येत नाही आणि तुम्हाला मात्र ब्रह्मांड आठवतं. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाचाही बराचसा हिस्सा तोंडात जायला हवा, खालच्या बाजूचा जास्त.

जमवायचं कसं? बाळाचं पोट तुमच्या पोटाला लावा. कान, खांदा, कंबर एका रेषेत. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा, वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा. बाळ जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबा आणि मग बाळाला जवळ ओढा. तुम्ही बाळावर वाकू नका, नाहीतर पाठ कामातून जाते. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि अधूनमधून गिळल्याचा आवाज, एवढं असलं की जमलं म्हणायचं.

सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचं वजन नको असेल तर बाळाला बगलेखाली, रग्बीचा बॉल धरतात तसं धरा किंवा कुशीवर झोपून पाजा. स्तनाग्रं सपाट किंवा आत वळलेली असतील तरी बहुतेक जणींना जमतं, थोडी जास्त मदत लागते इतकंच. पकड बरोबर वाटूनही दुखणं थांबत नसेल, तर बाळाची जीभ खाली चिकटलेली नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

प्रॉब्लेम नंबर दोन : चिरा आणि आग

पहिल्या काही दिवसांत सुरुवातीचे काही सेकंद थोडं झोंबणं चालतं. पण पूर्ण वेळ दुखणं, चिरा पडणं, रक्त येणं याला 'सगळ्यांनाच होतं' म्हणून सोडून देऊ नका. पकड सुधारली की जखम भराभर भरते. पाजून झाल्यावर स्वतःचंच दूध दोन थेंब लावा आणि वाळू द्या. साबणाने घासू नका. बाळाला बाजूला करताना ओढायचं नाही, करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवून हवा आत जाऊ द्यायची. ही एक ट्रिक मला पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर!

सगळं सुरळीत झाल्यावर अचानक आग व्हायला लागली आणि बाळाच्या तोंडात पुसून न जाणारे पांढरे डाग दिसले, तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं. त्यात आई आणि बाळ दोघांनाही औषध लागतं.

प्रॉब्लेम नंबर तीन : दगडासारखी छाती

दूध उतरलं की एकदम इतकं येतं की छाती दगड होते. बाळाला तोंडात धरताच येत नाही. अशा वेळी पाजण्याआधी हाताने थोडं दूध काढून पुढचा भाग मऊ करा, मग बाळाला लावा. पाजून झालं की थंड पाण्याच्या घड्या ठेवा. दिवसातून आठ ते बारा वेळा पाजलं गेलं की दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. पंप लावून पूर्ण रिकामं करायचा मोह टाळा. जास्त काढलंत तर शरीराला वाटतं, ऑर्डर वाढली!

प्रॉब्लेम नंबर चार : गाठ आणि ताप

अठराव्या दिवशी मला हुडहुडी भरली. छातीवर लालसर, गरम पट्टा आणि आत दुखरी गाठ. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, 'जोरात दाबून फोडते, मोकळं होईल.' मी हो म्हणणारच होते. नशीब, आधी फोन केला.

याला मॅस्टायटिस म्हणतात. पूर्वी जोरात चोळा, शेक द्या, सगळं रिकामं करा, असं सर्रास सांगायचे. आता तज्ज्ञ उलटं सांगतात. आतला भाग सुजलेला असतो, जोरात चोळल्याने सूज वाढते. थंड शेक, विश्रांती, डॉक्टरांना विचारून तापाची आणि सुजेची गोळी आणि नेहमीसारखं पाजत राहणं, हा खरा उपाय. हो, त्या बाजूनेही पाजायचं. बाळाला त्याचा त्रास होत नाही. चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा ताप वाढला तर डॉक्टरांना दाखवाच. अँटिबायोटिक लागलंच तरी पाजताना चालणारी औषधं मिळतात. फक्त 'मी पाजतेय' हे सांगायला विसरू नका. दुर्लक्ष केलं तर पू होऊ शकतो, मग प्रकरण ड्रेसिंगपर्यंत जातं.

प्रॉब्लेम नंबर पाच : 'पुरत नाहीये'

वरचं दूध सुरू होण्यामागचं हे सर्वांत कॉमन कारण. बाळ सारखं मागतंय म्हणजे दूध कमी, असं घरातले ठरवूनच टाकतात. पण संध्याकाळी दोन-तीन तास सतत प्यायला मागणं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात किंवा दीड महिन्याच्या आसपास अचानक भूक वाढणं, हे नॉर्मल आहे. बाळ पुढची ऑर्डर देत असतं! दीड महिन्यानंतर छाती मऊ वाटणं हेही दूध आटल्याचं लक्षण नाही. आणि पंपात किती आलं यावरून दुधाचा अंदाज करू नका. कारण बाळ पंपापेक्षा जास्त हुशार असतं.

मग मोजायचं काय? ओल्या लंगोट्या! पाचव्या दिवसापासून दिवसाला किमान सहा वेळा फिकट रंगाची शू, पिवळी शी आणि वजनकाटा. हे तीन रिपोर्ट बरोबर असले तर बाकी सगळ्यांची मतं म्युट करा.

खरोखर दूध कमी असतं का? असतंही. थायरॉइड, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, छातीचं जुनं ऑपरेशन, वार आत राहणं, अशी कारणं असू शकतात. तेव्हा तपासणी करून घ्यायची. फॉर्म्युला लागलं तर ते द्यायचं, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. पातळ करून पुरवायचं नाही.

आम्ही नऊ दिवस फॉर्म्युला दिलं. पहिल्या दिवशी मी वाटीकडे बघून ढसाढसा रडले होते, नापास झाल्यासारखी. आज वाटतं, ती वाटी नसती तर बाळाच्या अंगात चोखायचं त्राणच आलं नसतं. फॉर्म्युला हे औषधासारखं आहे. गरज नसताना नको, गरज असताना गिल्ट नको.

घरचे सल्ले : कुठले ठेवायचे, कुठले सोडायचे?

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक, शेपू... मस्त खा! पाजणाऱ्या आईला रोज पाचशे-सहाशे कॅलरी जास्त लागतात आणि कुणीतरी प्रेमाने करून देतंय तर नाही कशाला म्हणायचं? फक्त लाडू खाल्ले आणि बाळाला लावलंच नाही, तर दूध वाढणार नाही, हे लक्षात ठेवा. पाणी तहान लागेल तसं प्या.

बाळाला मात्र सहा महिने पाणी नको, अगदी विदर्भातल्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. बाळगुटी नको. आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नको. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. 'आमच्या वेळी चालायचं' असं म्हणणाऱ्या आजीशी भांडू नका, तिला डॉक्टरांसमोर बसवा. आमच्याकडे हा फॉर्म्युला शंभर टक्के चालला. एक गोष्ट मात्र द्यायची, व्हिटॅमिन डीचे थेंब. बालरोगतज्ज्ञ लिहून देतील.

आणि नवऱ्याने काय करायचं? दूध सोडून बाकी सगळं! ढेकर काढणं, लंगोट बदलणं, आईच्या हाताशी पाण्याची बाटली ठेवणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे 'दूध आलं का?' विचारणाऱ्यांचे फोन स्वतः घेणं.

मनाचं काय?

पहिल्या दोन आठवड्यांत कारण नसताना रडू येणं कॉमन आहे. पण दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा स्वतःला, बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ते 'बाळंतिणीचे लाड' नाहीत. तो आजार आहे आणि बरा होतो. डॉक्टरांना सांगा. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्री आहे.

आता ऑफिस

माझी एक मैत्रीण हिंजवडीत काम करते. रजा संपवून जॉइन झाली तेव्हा तिला पंप करायला जागा मिळाली ती टॉयलेटमध्ये. मोठाल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये गेमिंग झोन होता, झोपायला रंगीत बीन बॅग होत्या, पण कडी लावता येईल अशी एक छोटी खोली नव्हती! 'तू टॉयलेटमध्ये डबा खाशील का?' असा सवाल तिने शेवटी मॅनेजरलाच टाकला. आठवड्याभरात एक स्टोअररूम रिकामी झाली. आज तिथे फ्रिजही आहे.

तुमचे हक्क माहीत करून घ्या. २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. त्यातली जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि तिथे दिवसातून चार वेळा जाऊ द्यावं लागतं. शिवाय मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन नर्सिंग ब्रेक. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला मात्र यातलं काहीच लागू नाही. तिसऱ्या आठवड्यात मी मांडीवर बाळ आणि उशीवर लॅपटॉप ठेवून कॉपी फाइल केली होती. त्यात अभिमान वाटावा असं काही नाही.

जॉइन होण्याआधी दोन-तीन आठवडे पंपाची प्रॅक्टिस करा. बाळालाही दुसऱ्या कुणाच्या तरी हातून वाटीने प्यायची सवय लावा. ऑफिसात साधारण दर तीन तासांनी दूध काढा. कॅलेंडरवर मीटिंग म्हणून ब्लॉक करा, कुणी विचारत नाही! काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात थेट फ्रिज. फ्रिजमध्ये चार दिवस, डीप फ्रीझरमध्ये सुमारे सहा महिने. प्रवासात आइस पॅक घातलेली थर्मल बॅग. डब्यावर तारीख लिहा आणि एका वेळेपुरतंच भरा. दूध मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसवर नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करायचं. वर साय आल्यासारखं दिसलं तर ते नासलेलं नसतं, हलकेच हलवा.

दूध जास्त येत असेल तर? मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९मध्ये आशियातली पहिली ह्युमन मिल्क बँक सुरू झाली. आज इतरही शहरांत अशा बँका आहेत. तुमच्या शंभर मिलिलिटरमध्ये एखाद्या दीड किलोच्या बाळाचा दिवस निघू शकतो.

लगेच डॉक्टर गाठा

बाळ खूप झोपाळू आहे, प्यायला उठतच नाही.
पाचव्या दिवसानंतरही दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू होतेय.
दोन आठवड्यांनंतरही जन्माचं वजन भरून निघालेलं नाही.
बाळाची कावीळ वाढतेय किंवा बाळाला ताप आहे.
आईला ताप आहे आणि छातीतली गाठ चोवीस तासांत कमी झाली नाही.

आमचं दोन आठवड्यांचं वजन तीन किलो दीडशे भरलं. काट्यावरचा आकडा बघून इतका आनंद मला बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

एसटी स्टँडवर स्तनपानासाठी खोली असते, तिला आपण 'हिरकणी कक्ष' म्हणतो. कोजागरीला रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी, घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली, ही गोष्ट आपण सगळेच ऐकत मोठे झालो. डिसेंबर २०२२मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनात आल्या, तेव्हाही सगळ्यांना हिरकणीच आठवली. काही महिन्यांनी मुंबईच्या अधिवेशनात त्याच आमदारांना तिथल्या हिरकणी कक्षात धूळ असल्याची तक्रार करावी लागली.

आपल्याला कडा उतरणारी आई लक्षात राहते. पण तिला कडा का उतरावा लागला? गडाचे दरवाजे बंद होते म्हणून! तुमच्या टीममधली एखादी रजा संपवून परत येत असेल, तर तिला 'सुपरमॉम' म्हणून टाळ्या नंतर वाजवा. आधी कडी असलेली एक खोली तेवढी उघडून द्या.